नॉमिनी, वारस, प्रोबेट, फेरफार: घरातलं माणूस गेल्यावर कुठला कागद कशासाठी लागतो

बाबा गेल्यावर साधारण तीन आठवड्यांनी मी आईला घेऊन पहिल्यांदा बँकेत गेले, तेव्हा पिशवीत डेथ सर्टिफिकेटच्या दोन झेरॉक्स होत्या आणि डोक्यात एवढंच होतं की नॉमिनी म्हणून आईचं नाव लावलंय म्हणजे झालं काम. पुढच्या पंधरा दिवसांत काय झालं तर ज्या जुन्या एफडीला नॉमिनीच नव्हता तिच्यासाठी बँकेने सक्सेशन सर्टिफिकेट मागितलं, सोसायटीच्या सेक्रेटरींनी प्रोबेट आणा म्हणून सांगितलं, गावच्या तलाठ्यांनी वारस नोंद झाली का विचारलं आणि शेअर्ससाठी पत्र आलं की लीगल हेअरशिप सर्टिफिकेट जोडा. चौघांनी चार कागद मागितले आणि मला ते चारही एकाच गोष्टीची वेगवेगळी नावं वाटत होती. तिथेच आमचे पहिले तीन महिने वाया गेले.

म्हणून आधी ते सांगते जे मला कुणी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. नॉमिनी, वारसाचा दाखला, प्रोबेट आणि फेरफार ही चार वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. नॉमिनी सांगतो की पैसे कुणाच्या हातात द्यायचे. वारसाचा दाखला सांगतो की मागे कोण कोण आहे. प्रोबेट सांगतं की मृत्युपत्र खरं आहे. आणि फेरफार सांगतो की सरकारी दप्तरात यापुढे कुणाचं नाव लावायचं. ह्यातला एकही कागद एकट्याने "मालक कोण" ह्याचं शेवटचं उत्तर देत नाही, ते उत्तर एक तर मृत्युपत्र देतं नाहीतर वारसा कायदा देतो. एवढं डोक्यात पक्कं बसलं ना, की पुढचं सगळं बऱ्यापैकी सुटतं.

पण कोर्टाआधी घरातली कामं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते, दवाखान्यात गेलं असेल तर तेच नोंद कळवतात, घरी गेलं असेल तर घरच्यांनी कळवायचं. २१ दिवसांनंतरही होते पण मग उशिराचं शुल्क, अर्ज, वरच्या अधिकाऱ्याची परवानगी हे सगळं मागे लागतं. दाखल्याच्या एकदमच आठ-दहा प्रती काढून घ्या आणि त्यातलं नाव तिथेच उभं राहून अक्षर अन् अक्षर तपासा. आमच्याकडे आधारवर बाबांचं पूर्ण नाव, पॅनवर आजोबांचं नाव मधे, जुन्या एफडीच्या पावतीवर नुसती आद्याक्षरं आणि फ्लॅटच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये आडनावाचं स्पेलिंगच वेगळं. प्रत्येक ठिकाणी "ही सगळी एकच व्यक्ती" असं अ‍ॅफिडेव्हिट द्यावं लागलं. बायकांच्या बाबतीत तर माहेरचं नाव आणि सासरचं नाव असा अजून एक फरक असतो, त्यामुळे आईचं मॅरेज सर्टिफिकेट शोधायला आम्हाला अख्खी एक दुपार गेली, शेवटी नावबदलाच्या गॅझेटची प्रत सापडली ती पलंगाच्या पेटीत.

सिमकार्ड लगेच बंद करू नका, कारण कुठल्या खात्यातून काय कटतंय, कुठली पॉलिसी आहे, कुठला हप्ता थकलाय हे मेसेज त्यावरच येत राहतात. पण त्याच फोनवर येणारा ओटीपी वापरून पैसे आपल्या खात्यात वळवू नका आणि एटीएममधून काढू नका, मग पिन माहीत असला तरी आणि पैसे शेवटी आपलेच असले तरी. माणूस गेल्या क्षणापासून ते पैसे सगळ्या वारसांचे असतात, आणि मृत्यूनंतरच्या तारखेला पैसे काढलेले स्टेटमेंटमध्ये स्वच्छ दिसतात. उद्या भावाभावांत वाद झाला तर पहिलं बोट तिथे जातं. तसंच पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी. आजारपणात मुलाच्या नावाने केलेली असते आणि लोक नंतरही त्यावर व्यवहार करत राहतात, पण ज्याने दिली तो गेला की ती साधारणपणे त्याच क्षणी संपते. पेन्शन येत असेल तर बँकेला लगेच कळवा, नाहीतर जास्तीची जमा झालेली रक्कम परत द्यावी लागते.

मग यादी. ह्या कामात मला सगळ्यात उपयोगी पडलं ते बाबांचं पासबुक. दोन संध्याकाळी मी आणि दादा पेन्सिल घेऊन बसलो आणि मागच्या तीन वर्षांची एकेक ओळ वाचली. वर्षातून एकदाच कटणारी बारीक रक्कम खूप काही सांगते. लॉकरचं भाडं कटलं म्हणजे कुठेतरी लॉकर आहे, डीमॅटचा चार्ज कटला म्हणजे शेअर्स आहेत, दरवर्षी त्याच महिन्यात तीच रक्कम गेली म्हणजे बहुतेक विम्याचा हप्ता. मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये कटलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, कारण कुठलंही असो नॉमिनीला २ लाख मिळतात, वयाच्या ५५ वर्षांपर्यंत ते कव्हर असतं. २० रुपये कटले असतील तर ती सुरक्षा विमा योजना, ती फक्त अपघातासाठी, ७० वर्षांपर्यंत. बाबांच्या पासबुकात २० रुपयांची ओळ होती पण ते आजाराने गेले त्यामुळे तिचा उपयोग झाला नाही. कितीतरी घरांत ही ओळ कुणी वाचतच नाही आणि हक्काचे पैसे मागायचे राहून जातात, ह्याचं मला फार वाईट वाटतं. नोकरीत असतानाच माणूस गेलं असेल तर पीएफबरोबर ईडीएलआयचा विमाही असतो, जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत, तो कंपनीला आठवण करून मागा. आणि फार जुन्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेचं उद्गम नावाचं पोर्टल आहे, दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या एका फंडात जमा करतात, त्या तिथे नावाने शोधता येतात. पैसा बुडालेला नसतो, मागता येतो.

आता नॉमिनी. सगळ्यात जास्त भांडणं ह्या एका शब्दामुळे होतात म्हणून इथे जरा थांबते. नॉमिनी म्हणजे बँकेने, कंपनीने, सोसायटीने पैसे किंवा शेअर्स ज्याच्या हातात सोपवायचे तो माणूस. त्याच्या हातात दिले की बँक मोकळी झाली, तिची जबाबदारी संपली. पण त्या माणसाने ते स्वतःचे म्हणून ठेवायचे नसतात, खऱ्या वारसांसाठी सांभाळायचे असतात. सुप्रीम कोर्टाने हे विम्याच्या बाबतीत १९८३ मध्ये सांगितलं आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये परत स्वच्छ सांगितलं की नॉमिनेशन हा वारसा मिळण्याचा तिसरा मार्ग नाहीच. म्हणजे वडलांनी एफडीला धाकट्याचं नाव लावलं म्हणून ती एफडी धाकट्याची झाली असं नाही, थोरल्याचा आणि बहिणीचा त्यात तेवढाच वाटा आहे, जर मृत्युपत्रात वेगळं लिहिलेलं नसेल तर. एक अपवाद आहे तो आयुर्विम्याचा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, नवराबायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर विम्याच्या रकमेवर त्यांचा स्वतःचा हक्क धरला जातो.

मग नॉमिनी लावायचा कशाला असं कुणी म्हणेल तर त्याचं उत्तर आमच्या दोन एफडींनी दिलं. नॉमिनी असलेली एफडी दोन चकरांत आईच्या खात्यात आली, नॉमिनी नसलेलीला अकरा महिने लागले. आता नियम पुष्कळ बरे झालेत. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मृत खातेदारांच्या दाव्यांबद्दल नवे निर्देश काढले आणि बँकांना ३१ मार्च २०२६ पर्यंत ते लागू करायला सांगितलं. त्यात असं आहे की नॉमिनी असेल किंवा खातं आयदर ऑर सर्व्हायव्हर म्हणजे दोघांपैकी मागे राहील त्याला पैसे मिळतील असं असेल तर बँकेने सक्सेशन, प्रोबेट, जामीनदार वगैरे काही मागायचं नाही, रक्कम कितीही असू दे. नॉमिनी नसेल तरी १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, साध्या पद्धतीने म्हणजे वारसांचे अर्ज, इंडेम्निटी बाँड म्हणजे नुकसान झालं तर भरून देऊ असं हमीपत्र, बाकीच्या वारसांची ना हरकत एवढ्यावर काम व्हायला हवं. सगळे कागद दिल्यापासून १५ दिवसांत निकाल, आणि उशीर बँकेमुळे झाला तर त्याची भरपाई, लॉकरच्या बाबतीत दिवसाला ५,००० रुपये. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नसू शकतं, तेव्हा आवाज न चढवता "रिझर्व्ह बँकेच्या निर्देशाप्रमाणे मला लेखी नकार द्या" एवढं म्हणायचं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं.

सोसायटीतल्या फ्लॅटचंही तसंच आहे. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात आता सरळ लिहिलंय की नॉमिनीला सोसायटीने प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता सभासद करून घ्यायचं, खरे वारस ठरेपर्यंत. मेंटेनन्स भरणं, मीटिंगला बसणं चालू राहतं, पण त्या जोरावर फ्लॅट विकायला काढता येत नाही. मालक कोण हे ठरवणं सेक्रेटरीचं काम नाही, तसा त्यांना अधिकारही नाही, पण बिचारे घाबरलेले असतात की उद्या दुसरा वारस येऊन आपल्यावर केस करेल, म्हणून जो कागद ऐकलेला असतो तो मागतात.

मृत्युपत्र नसेल तर कोण वारस? हे ज्याच्या त्याच्या वैयक्तिक कायद्यावर आहे. हिंदू, बौद्ध, जैन, शीख लोकांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा, मुस्लिमांना त्यांचा वैयक्तिक कायदा ज्यात मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही, ख्रिश्चन आणि पारशी लोकांसाठी १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातच वेगळी प्रकरणं आहेत. मी आमच्यावरून हिंदू कायद्याचं सांगते. पुरुष गेला तर पहिल्या वर्गातले वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई. सगळ्यांना सारखा वाटा. लग्न झालेली मुलगीही त्यात पूर्ण आहे. वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत, हे ऐकून भलेभले चमकतात.

त्यातली आई हा मुद्दा लोक हमखास विसरतात. समजा एखादा माणूस पन्नाशीत गेला, मृत्युपत्र नाही, मागे बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. फ्लॅटचे चार सारखे भाग झाले, चौथा आईचा. दोन वर्षांनी ती आजी गेली, तिनेही काही लिहून ठेवलेलं नाही. मग तिचा तो पाव हिस्सा फक्त ह्या नातवंडांकडे येत नाही, तो तिच्या सगळ्या मुलामुलींत वाटला जातो, म्हणजे काका आणि आत्यांची नावं ह्या फ्लॅटला लागली. आता फ्लॅट विकायचा तर त्या सगळ्यांच्या सह्या. कुणाच्याही मनात काही वाईट नसताना हे होतं, केवळ एक कागद लिहायचा राहिला म्हणून.

बायकांच्या बाबतीत नियम वेगळा आहे आणि तो प्रत्येक कमावत्या बाईला माहीत असायला हवा. हिंदू स्त्री गेली तर आधी तिची मुलं आणि नवरा. ते कुणीच नसतील तर तिने स्वतःच्या पगारातून घेतलेली मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या स्वतःच्या आईवडलांचा नंबर त्यानंतर लागतो. आईवडलांकडून वारशाने आलेलं मात्र मूलबाळ नसेल तर वडलांच्या वारसांकडे परत जातं. मला हे कळलं त्या रात्री मी माझ्या एका मैत्रिणीला फोन केला, ती विधवा आहे, मूल नाही, स्वतःच्या कर्जावर घर घेतलंय आणि तिची आई तिच्याजवळ राहते. त्याच आठवड्यात तिने मृत्युपत्र केलं.

मृत्युपत्र असेल तर मग प्रश्न येतो की ते खरं कशावरून, आणि इथे प्रोबेट येतं. प्रोबेट म्हणजे कोर्टाच्या शिक्क्यासह मिळणारी मृत्युपत्राची प्रत. कोर्ट एवढंच म्हणतं की हे मृत्युपत्र अस्सल आहे, करणारा शुद्धीवर असताना ते रीतसर केलेलं आहे आणि त्यात नेमलेल्या एक्झिक्युटरने त्याप्रमाणे वाटप करावं. फ्लॅट मुळात त्या माणसाचा होता का, त्यात भावाचा हिस्सा होता का, ह्यात प्रोबेटचं कोर्ट पडतच नाही, तो वाद वेगळा लढावा लागतो. प्रोबेट फक्त एक्झिक्युटरलाच मिळतं. मृत्युपत्रात एक्झिक्युटर नेमलेला नसेल तर त्याऐवजी मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मालमत्तेची व्यवस्था लावण्याचं कोर्टाचं अधिकारपत्र, घ्यावं लागतं, आणि मृत्युपत्रच नसेल तर नुसतं लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन.

प्रोबेट सक्तीचं आहे का, ह्यावर सगळ्यात जास्त जुनी माहिती फिरत असते. १९२५ च्या कायद्यात कलम २१३ होतं. त्यामुळे मुंबई, कोलकाता, चेन्नई ह्या इंग्रजांच्या वेळच्या प्रेसिडेन्सी शहरांत केलेलं किंवा तिथल्या स्थावर मालमत्तेबद्दलचं मृत्युपत्र असेल तर हिंदू, बौद्ध, जैन, शीख आणि पारशी लोकांना प्रोबेटशिवाय कोर्टात हक्क सांगता येत नव्हता. पुण्याच्या घराला प्रोबेट नको पण दादरच्या घराला हवं, असा तो प्रकार होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने हे कलमच काढून टाकलं. म्हणजे आता प्रोबेट सक्तीचं राहिलेलं नाही, हवं तर घेता येतं, आणि आधी घेतलेली प्रोबेट तशीच चालतात. कुणी अजूनही "मुंबईत प्रोबेटशिवाय होतच नाही" म्हणून सांगत असेल तर ते जुनं सांगतायत.

तरी मी म्हणेन की काही वेळा ते घ्यावंच. एखादा वारस मृत्युपत्रावर शंका घेतोय, एका मुलाला सगळं आणि दुसऱ्याला काही नाही असं लिहिलंय, मालमत्ता मोठी आहे आणि लगेच विकायची आहे, किंवा काही मालमत्ता परदेशात आहे, अशा वेळी प्रोबेट सगळ्या जगासाठी शिक्कामोर्तब असतं, एकदा मिळालं की तेच मृत्युपत्र परत परत सिद्ध करत बसावं लागत नाही. पण घरात एकमत आहे, वारस मोजके आहेत, सगळे सही करायला तयार आहेत, तर कोर्टाचा खर्च आणि वेळ घालवण्याआधी दहा वेळा विचार करा.

आमच्या वेळी ते सक्तीचं होतं आणि फ्लॅट मुंबईत, त्यामुळे आम्ही घेतलं. अर्जाबरोबर मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, मालमत्तेची किमतीसकट यादी, सगळ्या वारसांची नावं आणि मृत्युपत्रावर सही केलेल्या एका तरी साक्षीदाराचं अ‍ॅफिडेव्हिट लागतं. मग बाकीच्या वारसांना नोटीस जाते, ज्यांनी आधीच लेखी संमती दिली त्यांचा प्रश्न नसतो. कुणी हरकत म्हणजे कॅव्हेट घातली की त्या साध्या अर्जाचा दावा होतो आणि मग वर्षं जातात. आमच्याकडे हरकत कुणाचीच नव्हती, अडलं ते साक्षीदारापाशी. बाबांनी साध्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, शेजारचे दोन काका साक्षीदार. एक काका बाबांच्या आधीच गेले होते. दुसरे त्र्याऐंशी वर्षांचे, मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेलेले. आम्ही कागद घेऊन गेलो तेव्हा त्यांचा हात इतका कापत होता की मृत्युपत्रावरची त्यांची दहा वर्षांपूर्वीची सही आणि आताची सही शेजारी ठेवली तर दोन माणसांच्या वाटल्या असत्या. पण त्यांना सगळं आठवत होतं, कुठे बसून सही केली, बाबांनी कुठला शर्ट घातला होता, आधी कोण बसलं होतं. ते अजून दोन वर्षांनी नसते तर आमचं काय झालं असतं माहीत नाही. दोन्ही साक्षीदार गेलेले असले तरी कायद्यात मार्ग आहे, सही आणि अक्षर ओळखणाऱ्यांची साक्ष देता येते, पण ते काम फार वाढतं.

म्हणून मृत्युपत्र करणार असाल तर साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण निवडा आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण करून ठेवलेलं बरं, वय झालं असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा. सही करणाऱ्याने साक्षीदारांसमोर सही करायची आणि साक्षीदारांनी त्याच्यासमोर, हा मुख्य नियम, आणि चुका नेमक्या इथेच होतात कारण कागद घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात.

मृत्युपत्र नाही आणि नॉमिनीही नाही, तर मग सक्सेशन सर्टिफिकेट. हे कोर्ट देतं आणि ते फक्त येणं असलेल्या रकमा आणि शेअर्स, बाँड, ठेवी ह्यांच्यासाठी असतं. घर आणि जमिनीला त्याचा उपयोग नाही, हे न कळल्यामुळे लोक एवढा खर्च करून ते घेतात आणि मग सोसायटीत जाऊन हिरमुसतात. त्यातही ज्याच्या नावाने मिळालं तो एकटा मालक होत नाही, त्याने बाकीच्यांचा वाटा द्यायचाच असतो. महाराष्ट्रात त्याशिवाय हेअरशिप सर्टिफिकेट म्हणून एक कागद आहे, तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली कोर्ट देतं, जवळजवळ दोनशे वर्षांचा कायदा पण अजून रोज वापरात. त्यात अमुक माणसाचे वारस हे हे, एवढं ठरतं आणि घर-जमिनीसाठी बहुतेक ठिकाणी तेच मागतात. तहसीलचा वारस दाखला हा अजून वेगळा. त्यामुळे समोरच्याने "वारस सर्टिफिकेट आणा" म्हटलं की लगेच निघायचं नाही, "कोर्टाचं की तहसीलचं, आणि कुठल्या नियमाप्रमाणे" हे लिहून घ्यायचं.

गावच्या जमिनीचं काम मला वाटलं त्यापेक्षा सोपं निघालं आणि वाटलं त्यापेक्षा नाजूक. सातबारावर अजून आजोबांचंच नाव होतं, म्हणजे दोन पिढ्यांची वारस नोंद राहिलेली. तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचे दाखले, वारसांचं अ‍ॅफिडेव्हिट द्यायचं, वारसांची नोंद गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवहीत होते, मग फेरफार, संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस, आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत कळवायचं असतं, पण उशिरा गेलं म्हणून हक्क जात नाही. नाजूक का, तर अ‍ॅफिडेव्हिटमध्ये आत्यांची नावं लिहायची वेळ आली तेव्हा गावातल्या दोघातिघांनी सहज सुचवलं की कशाला लिहिता, त्या कुठे मागायला येणारेत. असं करू नका. बहीण मागो न मागो, तिचं नाव वारसांत आहे आणि खोटं अ‍ॅफिडेव्हिट हा गुन्हा आहे. तिला नको असेल तर ती नंतर हक्कसोडपत्र करून देईल, ते दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर व्हावं लागतं, नुसत्या स्टॅम्पपेपरवरच्या नोटरीने जमिनीतला हक्क सुटत नाही. आमच्या मोठ्या आत्याने सोडलं, धाकटीने नाही सोडलं, आणि ते तिचं बरोबर आहे. आणि फेरफार झाला म्हणजे मालकी पक्की झाली असंही नाही, तो महसुलाच्या हिशेबाचा कागद आहे, कोर्टांनी हे कितीतरी वेळा सांगितलंय.

कर्जाची भीती बऱ्याच घरांत असते. मेलेल्या माणसाचं कर्ज आधी त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून फेडायचं असतं, आणि वारसांची जबाबदारी त्यांना जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच. काहीच मिळालं नसेल तर स्वतःच्या पगारातून भरायला कुणी लावू शकत नाही, मग वसुलीवाला फोनवर काहीही म्हणो. पण तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार असाल तर ती तुमची स्वतःची सही आहे, ती जबाबदारी राहते. होमलोनच्या बरोबर विमा घेतला होता का हे कर्जाच्या कागदात नक्की बघा. आणि कर्ज फेडायच्या आधी वारसांनी आपसात वाटून घेऊ नये.

इन्कम टॅक्सचं थोडक्यात. भारतात वारसा कर नाही, इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये बंद झाली, त्यामुळे वारशाने मिळालं ह्यावर कर लागत नाही. पण गेलेल्या माणसाचं त्या वर्षाचं, मृत्यूच्या तारखेपर्यंतचं रिटर्न वारसाने भरायचं असतं, त्यासाठी पोर्टलवर लीगल हेअर म्हणून नोंद करावी लागते. तोपर्यंत पॅन परत करू नका. मृत्यूनंतरचं व्याज, भाडं हे ज्याला मिळालं त्याच्या उत्पन्नात. आणि वारशाने आलेलं घर पुढे विकलं तर बाबांनी ज्या किमतीला घेतलं ती किंमत धरून नफा मोजतात, म्हणून त्यांच्या खरेदीचे जुने कागद, स्टॅम्प ड्युटीची पावती, दुरुस्तीची बिलं जपून ठेवा.

आमचं शेवटचं काम अजून चालू आहे. पेटीच्या तळाशी एका कंपनीचं कागदी शेअर सर्टिफिकेट सापडलं, बाबांनी नोकरीच्या सुरुवातीला घेतलेलं आणि मग विसरून गेलेलं. सलग सात वर्षं डिव्हिडंड कुणी घेतला नाही की तो डिव्हिडंड आणि ते शेअर्स सरकारच्या आयईपीएफ फंडात जातात, तसे हेही गेलेत. आधी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे वारस म्हणून कागद द्यायचे, त्यांनी हक्क मान्य केला की मग आयईपीएफ-५ फॉर्म. मागच्या आठवड्यात त्यांनी आईच्या सहीचा नमुना परत मागवलाय, पहिला जुळला नाही म्हणे. सोमवारी तिला घेऊन बँकेत जायचंय, मॅनेजरसमोर सही करून शिक्का मारून घ्यायला. ती कालपासून जुन्या वहीच्या मागच्या पानावर सही गिरवून बघतेय.